ताऱ्यात तयार झालं, पण बाहेर कसं आलं?

अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल नावाचा काळ्या बेसाल्टचा उभा सुळका आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. अशा बेसाल्टचं रासायनिक पृथक्करण केलं तर वजनाने निम्म्याच्या जवळपास ऑक्सिजन निघतो, चौथाईच्या आसपास सिलिकॉन, आणि उरलेल्यात लोह, अॅल्युमिनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, टायटॅनियम. ‘ही सगळी मूलद्रव्यं ताऱ्यांत तयार झाली’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. वाक्य खरं आहे, पण अर्धंच. ताऱ्याच्या पोटात जे तयार होतं त्यातलं बरंचसं कधीच बाहेर येत नाही. म्हणून कुठल्याही मूलद्रव्याबद्दल विचारायचं ते असं: ते किती तापमानाला तयार झालं, त्या तापमानाला तारा किती काळ टिकला, आणि तयार झालेला माल ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणातून सुटला कसा? शेवटचा प्रश्न बहुतेक लेखांत गळून जातो, आणि लोहाबद्दल आणि सोन्याबद्दलच्या चुकीच्या समजुती तिथूनच सुरू होतात.

आधी सुरुवातीचं भांडवल. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत वस्तुमानाने सुमारे ७५ टक्के हायड्रोजन, २५ टक्के हेलियम आणि नाममात्र लिथियम एवढंच तयार झालं. तिथेच गाडी अडली, कारण प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून एकूण पाच किंवा आठ कण असलेलं एकही टिकाऊ अणुकेंद्रक निसर्गात नाही. हेलियम-४ ला एक प्रोटॉन चिकटवा, पाच कणांचं केंद्रक लगेच फुटतं. दोन हेलियम जोडा, आठ कणांचं बेरिलियम होतं आणि तेही फुटतं. या दोन खड्ड्यांवरून उडी मारायला दाट, तापलेलं आणि दीर्घकाळ तसंच राहणारं ठिकाण हवं. प्रसरण पावत झपाट्याने थंड होणाऱ्या विश्वाकडे तेवढा वेळ नव्हता. ताऱ्यांकडे आहे.

हायड्रोजन: सगळ्यात लांबलेला टप्पा

सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे दीड कोटी केल्विन आणि घनता पाण्याच्या दीडशे पट आहे. तिथे दर सेकंदाला साधारण ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं आणि त्यातलं ४० लाख टनांहून थोडं जास्त वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने निघून जातं. म्हणजे ०.७ टक्के. चार प्रोटॉनपासून एक हेलियम होताना २६.७ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या हिशेबातलं ऊर्जेचं एकक) ऊर्जा सुटते.

दीड कोटी अंश ऐकायला भयंकर वाटतं, पण प्रोटॉनांच्या हिशेबाने ते थंडच आहे. दोन प्रोटॉनांमधल्या विद्युत प्रतिकर्षणाचा अडथळा शेकडो हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचा, आणि सूर्याच्या गाभ्यातल्या कणांची सरासरी औष्णिक ऊर्जा हजार-दोन हजारांची. तरीही संमीलन होतं, कारण क्वांटम नियमांनुसार कण अडथळ्याच्या आरपार जाण्याची अगदी छोटी शक्यता असते. गॅमॉव्ह यांनी १९२८ मध्ये दाखवलेला हाच परिणाम. प्रत्यक्षात सूर्यातल्या ज्या थोड्या धडका यशस्वी होतात, त्यातल्या बहुतेक सुमारे सहा हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या आसपासच्या. त्याहून जास्त ऊर्जेचे कण फार थोडे आणि कमी ऊर्जेच्या कणांना आरपार जाता येत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी. दोन प्रोटॉन चिकटून टिकत नाहीत. त्या क्षणी त्यातल्या एकाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो आणि ते काम दुर्बल आंतरक्रियेचं, म्हणजे केंद्रकातल्या एका फार क्षीण बलाचं. सूर्यातल्या एखाद्या प्रोटॉनला ही संधी मिळायला सरासरी नऊ-दहा अब्ज वर्षं लागतात. सूर्य एवढा दीर्घायुषी आहे तो या एका संथ पायरीमुळे.

सूर्याच्या सुमारे १.३ पटींहून जड ताऱ्यांत दुसरा मार्ग पुढे येतो: कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांचं चक्र. १९३० च्या दशकाच्या अखेरीस बेथे आणि वाइझसेकर यांनी ते मांडलं. व्याधाच्या गाभ्यात हेच चालू आहे. आपल्या सूर्यातही जेमतेम एक टक्का ऊर्जा या मार्गाने येते. इटलीतल्या बोरेक्सिनो प्रयोगाने २०२० मध्ये त्याचे न्यूट्रिनो (पदार्थातून जवळजवळ न अडता जाणारे कण) पकडून ते सिद्ध केलं. या चक्रात कार्बन खर्च होत नाही असं पुस्तकात लिहिलेलं असतं. एकूण केंद्रकांची संख्या तेवढीच राहते, हे बरोबर. पण नायट्रोजन-१४ ला प्रोटॉन पकडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून चक्रातला कार्बन आणि ऑक्सिजन त्या पायरीवर तुंबतो आणि नायट्रोजन होऊन बसतो. मुंबईच्या हवेतला ७८ टक्के नायट्रोजन मुख्यतः याच तुंबलेल्या पायरीचा. तो बाहेर कसा आला ते पुढे येईल.

हेलियमचा विषय निघालाच आहे तर एक खुलासा. विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात आणि इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी तिथून हेलियम शोधला असं कोकणात सांगितलं जातं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी सूर्याच्या ज्वाळांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या त्या गुंटूरहून. लॉकियर यांनी त्या वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून ज्वाळांचा वर्णपट घेतला आणि ५८७.६ नॅनोमीटरची पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेशी जुळत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. हीच हेलियमची रेषा. ग्रहणासाठी ते भारतात आले १८७१ मध्ये. विजयदुर्गाचा दिमाख त्यामुळे काही कमी होत नाही. पृथ्वीवर हेलियम हाती लागला १८९५ मध्ये, रॅम्झी यांना, युरेनियमच्या एका खनिजातून.

तीन हेलियम, एक कार्बन

गाभ्यातला हायड्रोजन संपला की गाभा आकसतो, तापतो आणि बाहेरचा पसारा फुगतो. रोहिणी (वृषभेतला तांबूस तारा) आत्ता या अवस्थेत आहे: मध्ये निष्क्रिय हेलियम, त्याभोवतीच्या थरात हायड्रोजन पेटलेला. या काळात बाहेरचं उसळतं आवरण खोलवर पोचतं आणि आत शिजलेला थोडा माल पृष्ठभागावर आणतं. हे वर्णपटात मोजता येतं. सूर्यात कार्बन-१२ आणि कार्बन-१३ यांचं प्रमाण ९० च्या आसपास आहे. स्वाती ताऱ्यात ते १० च्याही खाली आहे आणि सोबत नायट्रोजन वाढलेला दिसतो. आतला कारखाना बाहेरून तपासायची ही पहिली खिडकी.

गाभ्याने दहा कोटी केल्विन गाठले की हेलियम पेटतो. दोन हेलियम जोडून झालेलं बेरिलियम-८ सुमारे एक सेकंदाच्या एक कोटी कोटीव्या भागाच्याही शंभराव्या हिश्शात फुटतं. तेवढ्यात तिसरा हेलियम येऊन धडकला तरच कार्बन-१२. साध्या गणिताने ही क्रिया इतकी दुर्मीळ ठरत होती की विश्वात आहे तेवढा कार्बन होणं अशक्य. फ्रेड हॉईल यांनी १९५३ मध्ये उलटा विचार केला: कार्बन तर आहे, तेव्हा कार्बन-१२ च्या केंद्रकात तीन हेलियमच्या एकत्रित ऊर्जेच्या किंचित वर एक उत्तेजित पातळी असलीच पाहिजे. ती ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टला कॅलटेकच्या प्रयोगशाळेत सापडली. (जयंत नारळीकर हे याच हॉईल यांचे विद्यार्थी. १९७२ पासून पुण्याला आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारायला जाईपर्यंत ते कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) होते.)

आणखी एक योगायोग तेवढाच महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. कार्बनला आणखी एक हेलियम मिळाला की ऑक्सिजन-१६ होतो. तिथेही सोयीची पातळी असती तर सगळा कार्बन लगेच ऑक्सिजन होऊन गेला असता. ऑक्सिजनची जवळची पातळी ७.१२ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टला आहे आणि कार्बन व हेलियमची एकत्रित ऊर्जा ७.१६. म्हणजे पातळी थोडक्यात खाली राहिली. म्हणून क्रिया होते, पण रखडत होते आणि दोन्ही मूलद्रव्यं शिल्लक राहतात.

या रखडण्याचा नेमका वेग ठरवणं हे केंद्रकीय खगोलभौतिकीतलं सगळ्यात चिवट काम आहे. ताऱ्यातली ही क्रिया सुमारे तीन लाख इलेक्ट्रॉन व्होल्टला चालते. तेवढ्या ऊर्जेला प्रयोगशाळेत झोत सोडला तर धडका इतक्या क्वचित यशस्वी होतात की वैश्विक किरणांच्या गोंगाटात त्या हरवतात. जास्त ऊर्जेला मोजून खालच्या ऊर्जेपर्यंत अंदाजाने यावं लागतं. गोंगाट टाळायला इटलीत ग्रान सास्सो इथे १४०० मीटर खडकाखाली प्रवेगक बसवला आहे. टीआयएफआरच्या आवारातला १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन प्रवेगक १९८८ च्या अखेरीपासून चालू आहे. अशा यंत्रांवर एका केंद्रकातून दुसऱ्यात अल्फा कण (म्हणजे हेलियम-४ चं केंद्रक) सोपवला जाण्याचा अभ्यास करून ताऱ्यातला वेग आडवाटेने काढता येतो. हा एक आकडा बदलला की जड ताऱ्याच्या पुढच्या सगळ्या थरांची जाडी बदलते, त्यामुळे इतका जीव टाकणं रास्तच आहे.

आता बाहेर पडण्याचा प्रश्न. सूर्य शेवटी कार्बन आणि ऑक्सिजनचा गाभा तयार करेल, साधारण अर्ध्या सूर्याच्या वस्तुमानाचा, आणि तो सगळाच्या सगळा श्वेत बटू म्हणून कायमचा बंद होईल. सूर्याकडून विश्वाला परत मिळेल तो मुख्यतः हायड्रोजन, हेलियम आणि थोडा नायट्रोजन. व्याधाचा जोडीदार असाच आहे: पृथ्वीएवढ्या आकारात एका सूर्याएवढं वस्तुमान, बहुतेक कार्बन आणि ऑक्सिजन, कुलूपबंद.

मग आपला कार्बन आला कुठून? बराचसा सूर्याच्या दीड ते चार पट ताऱ्यांकडून. म्हातारपणी या ताऱ्यांत हायड्रोजनचा आणि हेलियमचा असे दोन पातळ थर आळीपाळीने पेटतात. हेलियमचा थर काही हजार ते काही दहा हजार वर्षांनी भडकतो, आणि प्रत्येक भडक्यानंतर वरचं आवरण खाली उतरून ताजा कार्बन वर ओढतं. पृष्ठभागावर कार्बनच्या अणूंची संख्या ऑक्सिजनपेक्षा जास्त झाली की तो ‘कार्बन तारा’. तिथे कार्बन मोनॉक्साइड बनताना सगळा ऑक्सिजन अडकतो आणि उरलेल्या कार्बनची काजळी आणि सिलिकॉन कार्बाइडचे कण होतात. ऑक्सिजन जास्त असेल तर उलट, वाळूच्या जातीची सिलिकेटची धूळ होते. त्या धुळीवर ताऱ्याचा प्रकाश दाब देतो, धूळ वायूला ओढून नेते आणि लाखभर वर्षांत अख्खं आवरण उडून जातं. असे सूर्यमालेच्याही आधीचे सिलिकॉन कार्बाइडचे कण ऑस्ट्रेलियात १९६९ मध्ये पडलेल्या मर्चिसन उल्केत सापडले आहेत आणि ते प्रयोगशाळेत हाताळता येतात. लेपस अर्थात शशक तारकासमूहातला लालभडक आर लेपोरिस हा असाच कार्बन तारा. वांगणी-नेरळच्या बाजूच्या अंधाऱ्या आकाशात द्विनेत्रीतून हिवाळ्यात शोधता येतो.

लोहापलीकडचं सगळं सुपरनोव्हातच (ताऱ्याच्या स्फोटातच) होतं, असं नाही

याच म्हाताऱ्या ताऱ्यांत आणखी एक काम गुपचूप चालतं. हेलियमच्या थरात कार्बन-१३ अल्फा कण पकडून ऑक्सिजन-१६ होतो आणि एक न्यूट्रॉन मोकळा सोडतो. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, म्हणून त्याला अडथळाही नाही. आधीपासून असलेल्या लोहाच्या केंद्रकांत तो सहज शिरतो. एक न्यूट्रॉन पकडल्यावर पुढचा यायला वर्षानुवर्षं जातात. तेवढ्या वेळात केंद्रक अस्थिर असेल तर त्यातल्या न्यूट्रॉनचा प्रोटॉन होऊन पुढचं मूलद्रव्य बनतं. असं एकेक पाऊल टाकत लोहापासून शिसं आणि बिस्मथपर्यंत. ५०, ८२ आणि १२६ न्यूट्रॉनांची केंद्रकं नवीन न्यूट्रॉन घ्यायला नाखूश असतात, म्हणून तिथे गर्दी साचते: स्ट्रॉन्शियम, यट्रियम, झिर्कोनियम पहिल्या ठिकाणी, बेरियम आणि लँथॅनम दुसऱ्या, शिसं तिसऱ्या. मूलद्रव्यांच्या विपुलतेच्या आलेखात ही शिखरं स्पष्ट दिसतात.

पुरावा १९५२ मध्ये मिळाला. पॉल मेरिल यांना काही तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियमच्या रेषा दिसल्या. टेक्नेशियमचा एकही समस्थानिक स्थिर नाही आणि सर्वांत दीर्घायुषी असलेल्यांचं अर्धायुष्यही सुमारे ४२ लाख वर्षं. तारा त्याहून खूप जुना, तेव्हा टेक्नेशियम त्याच ताऱ्यात अलीकडेच तयार झालेलं असणार. ताऱ्यांत मूलद्रव्यं घडतात याचा मला तरी याहून सरळ पुरावा माहीत नाही. पाच वर्षांनी, १९५७ मध्ये, मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, फाउलर आणि हॉईल यांचा मोठा निबंध आला. कॅमेरॉन यांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे तेच चित्र मांडलं.

जड ताऱ्यांच्या हेलियमच्या गाभ्यातही निऑन-२२ पासून न्यूट्रॉन सुटतात, पण तिथला प्रवास झिर्कोनियमच्या आसपास थांबतो. लोकलच्या डोक्यावरच्या तारेतलं तांबं बहुतांशी या वाटेचं.

शेवटची हजार वर्षं

सूर्याच्या आठ पटींहून जड तारे कार्बनही पेटवू शकतात. २५ सूर्यांच्या ताऱ्याचं गणित साधारण असं निघतं: हायड्रोजन ७० लाख वर्षं, हेलियम पाच ते सात लाख वर्षं, कार्बन सहाशे वर्षं, निऑन एक वर्ष, ऑक्सिजन सहा महिने, सिलिकॉन एक दिवस. तापमान हेलियमला २० कोटी, कार्बनला ८०-९० कोटी, ऑक्सिजनला २०० कोटींच्या वर आणि सिलिकॉनला ३०० ते ४०० कोटी केल्विन. एका टप्प्याची राख हे पुढच्या टप्प्याचं इंधन, आणि जुने थर बाहेरच्या बाजूला पेटतेच राहतात.

हा वेग एवढा का वाढतो? इंधनाची ऊर्जा कमी होत जाते हे अर्धं कारण. मुख्य कारण न्यूट्रिनो. पन्नास कोटी अंशांच्या वर गाभ्यातल्या प्रकाशकणांपासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्या होतात, त्यातल्या काहींचे न्यूट्रिनो होतात आणि ते ताऱ्यातून थेट निघून जातात. प्रकाशाला बाहेर यायला हजारो वर्षं लागतात, न्यूट्रिनोंना तासभरही लागत नाही. ताऱ्याची शिल्लक भसाभस गळायला लागते आणि ती भरून काढायला गाभ्याला आणखी जोराने जळावं लागतं. बाहेरच्या आवरणाला याची खबरही पोचत नाही. म्हणून मृगातल्या काक्षीकडे पाहून ‘आता फुटणार’ असं कोणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. २०१९ च्या अखेरीस ती मंदावली तेव्हा हेच झालं. कारण निघालं ते तिनेच बाहेर टाकलेली धूळ.

कार्बनच्या टप्प्यात निऑन, सोडियम आणि मॅग्नेशियम होतात. भांडुप-मुलुंडच्या मिठागरांतल्या मिठाचं सोडियम इथलं. क्लोरीन मात्र पुढच्या, ऑक्सिजनच्या टप्प्याचं. निऑन ऑक्सिजनपेक्षा जड असूनही आधी पेटतो, हे विद्यार्थ्यांना नेहमी खटकतं. कारण असं की निऑन इथे निऑनशी जुळत नाही. तापलेला प्रकाशकण निऑनमधून एक अल्फा कण उडवतो, ऑक्सिजन उरतो, आणि तो अल्फा कण दुसऱ्या निऑनला मिळून मॅग्नेशियम होतो. ऑक्सिजन-१६ आठ प्रोटॉन आणि आठ न्यूट्रॉनांचं घट्ट केंद्रक आहे, त्याला फोडायला किंवा जोडायला याहून जास्त तापमान लागतं. दोन ऑक्सिजन जुळले की सिलिकॉन, फॉस्फरस, गंधक.

सिलिकॉनच्या टप्प्यातही दोन सिलिकॉन एकमेकांना चिकटत नाहीत. चौदा-चौदा प्रोटॉनांचं प्रतिकर्षण फार मोठं. तिथेही प्रकाशकण काही केंद्रकं फोडतात, सुटलेले अल्फा कण उरलेल्या केंद्रकांवर चढत जातात: गंधक, अरगॉन, कॅल्शियम, टायटॅनियम, क्रोमियम, आणि निकेल-५६. इथे ऊर्जा मिळणं थांबतं. सर्वांत घट्ट बांधलेलं केंद्रक खरं तर निकेल-६२ आहे, लोह-५६ नाही. पण या झटपट टप्प्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन समसमान असतात, म्हणून अल्फा कणांच्या पायऱ्यांनी २८-२८ च्या निकेल-५६ पर्यंतच जाता येतं, आणि पुढे त्याचंच लोह-५६ होतं.

आणि आता ती मोठी समजूत. ‘ताऱ्याच्या गाभ्यात लोह होतं, तारा फुटतो आणि ते लोह अवकाशात फेकलं जातं.’ नाही. तो लोहाचा गाभा बाहेर येतच नाही. त्याचं वस्तुमान चंद्रशेखर मर्यादेच्या, म्हणजे सुमारे १.४ सूर्यांच्या, आसपास गेलं की इलेक्ट्रॉनांचा दाब अपुरा पडतो. प्रकाशकण लोह फोडतात, प्रोटॉन इलेक्ट्रॉन गिळतात आणि हजारो किलोमीटरचा गाभा सेकंदभरात काही दहा किलोमीटरवर कोसळतो. लाखो वर्षांच्या मेहनतीने झालेल्या लोहाचे पुन्हा प्रोटॉन, न्यूट्रॉन होतात आणि मागे उरणाऱ्या अतिदाट गोळ्यात, म्हणजे ‘न्यूट्रॉन ताऱ्या’त, ते कायमचे जातात. स्फोटाची ९९ टक्के ऊर्जा न्यूट्रिनो नेतात. बाहेर जाणाऱ्या धक्कालहरीने गाभ्याबाहेरचा सिलिकॉनचा थर पाचशे कोटी अंशांपर्यंत तापतो आणि तिथे सेकंदाच्या आत नवं निकेल-५६ तयार होतं. बाहेर पडतं ते हे. त्याच्या बाहेरचे थर कमी तापतात आणि तिथून सिलिकॉन, गंधक, कॅल्शियम निघतं. त्याहून बाहेरचा ऑक्सिजन आणि मॅग्नेशियम जवळजवळ जसेच्या तसे उधळले जातात. गाभा आणि थर यांच्यामधली सीमा जरा आत सरकली तर निकेल जास्त, बाहेर सरकली तर कमी. तारा फार जड असेल आणि स्फोट दुबळा, तर बराचसा माल परत कोसळून कृष्णविवरात जातो आणि जवळपास काहीच हाती लागत नाही.

हे सगळं २३ फेब्रुवारी १९८७ ला मोठ्या मॅगेलन मेघात दिसलेल्या सुपरनोव्हाने तपासून दिलं. प्रकाशाच्या काही तास आधी तीन प्रयोगांत मिळून दोन डझन न्यूट्रिनो पकडले गेले. निकेल-५६ चं अर्धायुष्य ६.१ दिवस, त्यापासून होणाऱ्या कोबाल्ट-५६ चं ७७ दिवस. सुपरनोव्हाचं तेज पहिल्या काही महिन्यांनंतर बरोबर ७७ दिवसांच्या अर्धायुष्याने उतरत गेलं, आणि कोबाल्टचे ८४७ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचे गॅमा किरणही उपग्रहाने टिपले. त्यावरून निकेल निघालं ०.०७ सूर्य, म्हणजे सुमारे २३ हजार पृथ्व्यांइतकं. कॅसिओपिया ए या साडेतीनशे वर्षांच्या अवशेषात साठ वर्षांच्या आसपास अर्धायुष्याचं टायटॅनियम-४४ अजून सापडतं. समुद्रतळाच्या कवचात आणि चंद्रावरच्या मातीत लोह-६० मिळालं आहे. त्याचं अर्धायुष्य २६ लाख वर्षं, म्हणजे गेल्या काही दशलक्ष वर्षांतच जवळपास कुठेतरी तारा फुटला आणि त्याची धूळ इथवर पोचली.

तरीही गिल्बर्ट हिलच्या दगडातलं निम्म्याहून अधिक लोह अशा ताऱ्यांचं नाही. ते श्वेत बटूंच्या स्फोटांचं. जोडीदाराकडून वस्तुमान मिळून किंवा दोन श्वेत बटू एकत्र येऊन कार्बन-ऑक्सिजनचा साठा एकदम पेटला की अख्खा बटू उडतो, मागे काहीच उरत नाही, आणि एका स्फोटात सुमारे ०.६ सूर्याएवढं निकेल-५६ मोकळं होतं. मघाशी कुलूपबंद म्हटलेल्या श्वेत बटूंना असलेली ही एकच पळवाट. तिला वेळ लागतो, कोटी ते अब्जावधी वर्षं. म्हणून आकाशगंगेतल्या फार जुन्या ताऱ्यांत लोहाच्या तुलनेत ऑक्सिजन आणि मॅग्नेशियम सूर्यापेक्षा दोन-तीन पट जास्त दिसतं. तेव्हा जड तारे फुटून झाले होते, बटू अजून पेटायचे होते.

झवेरी बाजारातलं सोनं

सोनं, प्लॅटिनम, युरेनियम यांना मघाची संथ वाट पुरत नाही. इथे एका सेकंदाच्या आत डझनावारी न्यूट्रॉन एकाच केंद्रकात कोंबावे लागतात, त्याला विघटनाची सवडच न देता. एका घन सेंटिमीटरमध्ये न्यूट्रॉनांची संख्या एकावर वीसपेक्षा जास्त शून्यं इतकी हवी. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतात तेव्हा हे जमतं. १७ ऑगस्ट २०१७ ला १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ४९९३ दीर्घिकेतली अशी धडक गुरुत्वीय लहरींत ऐकू आली, १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले, आणि पुढच्या काही दिवसांत तिथला प्रकाश निळसरवरून अवरक्ताकडे झुकत गेला. लँथॅनाइड गटातले अणू निळा प्रकाश अडवतात, त्याची ही खूण. त्याच प्रकाशात स्ट्रॉन्शियमच्या रेषा २०१९ मध्ये ओळखल्या गेल्या. बाहेर पडलेला माल सूर्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास होता. रेडिओ निरीक्षणांत नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीणही होती. पवईच्या आयआयटीने भारतीय ताराभौतिकी संस्थेसोबत लडाखमध्ये हानले इथे उभारलेली ७० सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण असे क्षणिक स्फोट शोधण्यासाठीच आहे, आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारं लायगो-इंडिया केंद्र होतं आहे. असं आणखी एक दूरवरचं केंद्र मिळालं की धडकेची जागा आकाशात कितीतरी नेमकी सांगता येईल. सगळं सोनं अशाच धडकांचं की वेगाने फिरणाऱ्या काही खास सुपरनोव्हांचाही वाटा आहे, यावर अजून एकमत नाही.

लिथियमचा काही भाग, बेरिलियम आणि बोरॉन यांचं मात्र ताऱ्यांत नुकसानच होतं. तिथे ती जळून जातात. अवकाशात वैश्विक किरण कार्बन-ऑक्सिजनच्या अणूंवर आदळून जे तुकडे पडतात त्यातून ती येतात.

घरी पाहण्यासारखं

ज्यांना हे डोळ्यांनी पडताळायचं आहे त्यांनी घरीच वर्णपट पाहायचं साधन बनवावं. त्यासाठी कोरी डीव्हीडी घ्यावी. कडेला पातं घालून तिचे दोन थर सुटे करावेत, पारदर्शक थरावरचा रंग स्पिरिटने पुसावा आणि तीन सेंटिमीटरचा तुकडा कापावा. त्यावर मिलिमीटरला सुमारे १३५० खाचा असतात. २५ सेंटिमीटर लांबीचा खोका घेऊन आतून काळा कागद लावायचा, एका टोकाला दाढीच्या दोन पात्यांची ०.१ ते ०.२ मिलिमीटरची फट, दुसऱ्या टोकाला डीव्हीडीचा तुकडा. खाचा फटीला समांतर हव्यात, नाहीतर रेषा तिरप्या आणि पुसट दिसतात. सरळ पाहिलं तर काही दिसत नाही, बाजूला पाहावं लागतं: हिरवा रंग सुमारे ४८ अंशांवर, तांबडा साठच्या पुढे. फट रुंद झाली की रेषा एकमेकींत मिसळतात, हे बिघडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. दुसरं, खोक्याच्या सांध्यांतून येणारा उजेड.

सूर्याकडे थेट कधीच पाहू नये. फट उजळ ढगाकडे धरावी. ४८६ नॅनोमीटरला हायड्रोजनची, ५१७-५१८ ला मॅग्नेशियमची, ५८९ ला सोडियमची आणि ६५६ ला पुन्हा हायड्रोजनची काळी रेषा दिसते. ६८७ नॅनोमीटरचा काळा पट्टा सूर्याचा नाही, तो आपल्या हवेतल्या ऑक्सिजनचा. अंतरं जुळवून घ्यायला जुना सीएफएल दिवा उत्तम: ४३६ चा निळा आणि ५४६ चा हिरवा पट्टा पाऱ्याचे आहेत. त्याच दिव्यात ६११ ला जो ठसठशीत लाल पट्टा दिसतो तो काचेवरच्या लेपातल्या युरोपियमचा, आणि सूर्यमालेतलं ९० टक्क्यांहून जास्त युरोपियम सोन्यासारखंच जलद न्यूट्रॉनांच्या वाटेने आलेलं आहे.